काच वर घ्या, मास्तर!

"काच वर घ्या, मास्तर!"

गुरुसिद्धअण्णांच्या गाडीत बसलं की पहिलं वाक्य हे ऐकू यायचं. नमस्कार नंतर, ख्यालीखुशाली त्याच्याही नंतर. एप्रिल महिना, भर दुपार, सोलापूरचं ऊन आणि गाडीचा एसी तोंडावर गरम वारा फुंकतोय. अशा वेळी शहाण्या माणसाचा हात आपोआप काचेच्या बटणाकडे जातो. माझाही जायचा. तो तिथं पोचायच्या आत अण्णांची आरोळी यायची आणि मी हात मांडीवर ठेवून गप शिजत बसायचो.

आम्ही भवानी पेठेत समोरासमोर राहायचो. अण्णांचा टॉवेल-चादरींचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आणि माझी शाळा त्याच रस्त्यावर. मी भूगोल शिकवतो. माझ्याकडे गाडी नाही आणि अण्णांना एकट्याने गाडी चालवायला आवडायचं नाही. म्हणून सकाळी जाताना आणि दुपारी शाळा सुटल्यावर येताना मी त्यांच्या शेजारी. उष्ण कटिबंध म्हणजे काय हे मी मुलांना फार तळमळीने शिकवायचो, ते उगीच नाही.

अण्णा म्हणजे पांढरा शर्ट, पांढरी पँट, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे आणि खांद्यावर स्वतःच्या कारखान्याचा टॉवेल. घरून निघताना पट्टे अगदी कोरीव असायचे. पेठेबाहेर पडेपर्यंत खालचा पट्टा विरघळायचा, एमआयडीसीच्या कमानीपाशी कपाळ कोरं. मग अण्णा टॉवेलने तोंड पुसायचे आणि तो ओला टॉवेल माझ्यासमोर धरायचे.

"बघा मास्तर, किती पाणी पितंय! दुसऱ्याचा टॉवेल असता तर नुसता पसरवून ठेवला असता की घाम."

मालाची अशी जाहिरात करणारा दुसरा कारखानदार मी पाहिलेला नाही.

ही गाडी अण्णांनी घेतली ती महादेवीअक्कांसाठी. अक्का म्हणजे त्यांची बायको. कारखाना उभा राहिला तेव्हापासून अक्कांनी पत्र्याच्या शेडमध्ये बसून टॉवेलच्या कडा शिवल्या होत्या. खाली तापलेली फरशी, वर तापलेला पत्रा, मध्ये अक्का. पुढे पुढे त्यांना उन्हात चक्कर यायला लागली. डॉक्टर म्हणाले, यांना उन्हात फिरवू नका. अण्णांनी त्या संध्याकाळी सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "आता हिला गारव्यातनंच फिरवणार. लई भाजली बिचारी." आणि पांढरीशुभ्र गाडी आणली. पेढे मीही खाल्ले.

पहिला उन्हाळा छान गेला. गाडी गार पडायची, अक्का पुढच्या सीटवर पदर सावरून बसायच्या, अण्णा उगीचच पेठेतून दोन चकरा मारायचे. दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाला एसीतून साधी हवा यायला लागली आणि होळीनंतर तर तो सरळ गरमच फुंकू लागला. अक्का एकदा बसल्या, बाजारापर्यंत गेल्या, तिथं त्यांना गरगरायला लागलं. त्या म्हणाल्या, "काच खाली करा की, वारं तरी लागंल."

अण्णा म्हणाले, "काच न्हाय."

अक्का खाली उतरल्या आणि रिक्षाने घरी आल्या. "काच खाली करणार असाल तर बसते, न्हायतर साकु," म्हणाल्या. साकु म्हणजे पुरे. अक्का कानडीत बोलल्या की विषय संपला असं त्या घरात सगळे समजत. गाडी जिच्यासाठी घेतली ती रिक्षात आणि मी गाडीत, असा तो न्याय झाला.

आता तुम्ही विचाराल, काच खाली करायला काय धाड भरली होती? मीही विचारलं होतं.

अण्णांनी गाडी बाजूला घेतली आणि मला लहान मुलाला समजावतात तसं समजावलं. "मास्तर, तुमी शाळेतली माणसं. तुमचा पगार काच खाली करून बी येतोय. आमचं तसं न्हाय. पेठेत काच खाली दिसली की लोक काय म्हणत्यात? अण्णाचा एसी बिघडला. संध्याकाळी म्हणत्यात, अण्णाला एसी करून घ्यायला जमंना. दुसऱ्या दिवशी म्हणत्यात, अण्णाचे माग बंद पडले. तिसऱ्या दिवशी सूतवाला सूत देत न्हाय. सूत न्हाय मिळालं की माग खरंच बंद. कळलं का? एका काचंवर कारखाना चाललाय आमचा."

हसू आलं, पण पुरतं हसता येईना. आजूबाजूचे कारखाने एकेक करून बंद पडत होते आणि प्रत्येक वेळी बातमी आधी कट्ट्यावर यायची, कुलूप नंतर लागायचं. अण्णांचं गणित वेडगळ होतं, पण पेठ त्याच गणिताने चालायची.

म्हणून मग नाटक. मागच्या सीटवर बाहेरून नीट दिसेल असा अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घडी करून ठेवलेला. सिग्नलला शेजारी कोणी ओळखीचं थांबलं की अण्णा कॉलर वर करायचे, तळहात चोळायचे आणि बटण फिरवून एसी "कमी" करायचे. मला कोपर मारायचे. मग मीही दोन्ही हात बगलेत घालून थोडा कुडकुडायचो. चार-पाच सिग्नलनंतर मला ते इतकं जमायला लागलं की शाळेच्या स्नेहसंमेलनात काम मागावं असं वाटू लागलं.

या नाटकाचा कळस झाला तो सूतवाल्या शेठजींनी गाडी अडवली त्या दुपारी. शेठजींची स्कूटर पंक्चर झालेली, डोक्यावर रुमाल, रस्त्याच्या मधोमध उभे. गाडी ओळखून त्यांनी हात केला. चुकवणं शक्य नव्हतं. गाडी थांबता थांबता अण्णा माझ्या कानाशी पुटपुटले, "मास्तर, शिंका."

"काय?"

"शिंका म्हनतो की!"

शेठजी मागे बसले, दार लावलं आणि त्यांचा चेहरा बदलला. तापलेल्या तव्यावर पाणी टाकल्यावर येते तसली वाफ आली असणार त्यांच्या तोंडावर. "अण्णा, एसी..."

"बंद ठेवलाय हो शेठजी," अण्णा दुःखी आवाजात म्हणाले. "मास्तरांना सर्दी. छातीत भरलीय. डॉक्टर म्हणाले, गार हवा दावायची बी न्हाय."

मी शिंकलो.

"अरेरे," शेठजी म्हणाले. "मग काच तरी उघडू या."

"वारं बी न्हाय चालत त्यांना!"

मी पुन्हा शिंकलो. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री तरी असेल, आणि मी नाकाला रुमाल लावून भवानी पेठेपर्यंत शिंकत आलो. शेठजी उतरले तेव्हा त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता. पण माणूस भला. संध्याकाळी त्यांच्या घरून माझ्यासाठी सुंठ, ओवा आणि छाती शेकायला गरम पाण्याची पिशवी आली. माझ्या बायकोने ती पिशवी हातात घेऊन माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं करण्यापेक्षा एसी दुरुस्त का नाही केला? अहो, केला! निदान तीनदा केला. पण त्यातही अण्णांची तऱ्हा. बॉनेट उघडं टाकलेली गाडी गॅरेजपुढे दिसली की अब्रू गेली, म्हणून गाडी गॅरेजला न्यायचीच नाही. मिस्त्री घरी यायचा, वाड्यामागच्या बोळात. अण्णा बॉनेट हातभर उचलायचे आणि दोन्ही बाजूंनी आपल्याच कारखान्याच्या चादरी धरायला लावायचे. एक टोक माझ्या हातात. त्या बुरख्याआड मिस्त्री चाचपडत हात घालायचा, कुठल्यातरी नळीला हात लावून म्हणायचा, "अण्णा, गॅस गया." आणि गॅस भरून जायचा.

गॅस गेला, हे निदान सोलापुरात कुणीही करतं. मिस्त्री करतो, पानवाला करतो, गाडीत कधी न बसलेला माणूसही करतो. आमच्या शाळेच्या शिपायाने गाडीकडे नुसतं लांबून पाहून सांगितलं, "गॅस गेला असंल." दुसरा मिस्त्री म्हणाला कॉम्प्रेसर बसलाय. तिसरा म्हणाला आतला फिल्टर बदला. तोही बदलला. गाडीचं नाक कुणी वाकून पाहिलं नाही, कारण अण्णांनी कुणाला समोर उभंच राहू दिलं नाही. समोरून बोळ रस्त्याला लागत होता ना!

कारखान्यात मात्र अण्णा वेगळे. सकाळी पोचले की हातात ब्रश घेऊन प्रत्येक मागापाशी जायचे. यंत्रमागावर टॉवेल विणताना सुताचे तंतू उडतात, सगळ्या शेडभर तरंगतात आणि जिथं जागा मिळेल तिथं बसतात. अण्णा त्याला नुसतं 'कापूस' म्हणायचे. मोटरीच्या जाळीवर कापूस दिसला की कामगाराचं काही खरं नसायचं. "अरे, मोटरीचं नाक बुजवलंस की! तिनं श्वास कुटनं घ्यायचा? तापून मरंल की ती!" हे मी शेडच्या दारात उभा राहून कितीतरी वेळा ऐकलंय.

आणि गाडी? गाडीवर तर त्यांचा जीव. तिला ऊन लागू नये म्हणून शेडच्या मागे पत्रा टाकून खास जागा केली होती. तिथं शेडमधली गरम हवा बाहेर फेकणारा मोठा एक्झॉस्ट पंखा होता. अण्णा रोज गाडी बरोबर त्या पंख्याकडे तोंड करून उभी करायचे.

"मुद्दाम," मला सांगायचे. "तिला बी जरा वारं लागू दे की."

आता यात मीही भूगोलाचा मास्तर, वारे कुठून कुठे काय वाहून नेतात ते फळ्यावर बाण काढून शिकवणारा. मला कळलं नाही, अण्णांना कळलं नाही, कुणालाच कळलं नाही.

त्याच वैशाखात अण्णांच्या लेकीला मुलगा झाला. ती विजापूरला दिलेली. माझी विद्यार्थिनी, म्हणून बारशाचं आमंत्रण मलाही. अण्णांनी अक्कांना चार दिवस आधीपासून गळ घातली. "नातवाच्या बारशाला तरी गाडीतनं चल. लोक काय म्हणतील?"

"काच खाली करणार?"

"तेवढं सोडून बोल."

अक्का एसटीने निघाल्या. खिडकीची जागा धरली, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतली. आणि एसटीच्या मागोमाग आमची गाडी. अण्णांनी ती एसटी नजरेआड होऊ दिली नाही. पुढे अक्का खिडकीत, पदर वाऱ्यावर उडतोय, डोळे मिटून वारा खातायत. मागे आम्ही दोघं काचा बंद करून. अण्णा मध्येच म्हणाले, "बघा, कशी आरामात बसलीय." त्यांच्या आवाजात राग होता की हेवा, की दोन्ही, ते मला ठरवता आलं नाही. पण मला त्या घडीला अण्णांची फार कीव आली.

भीमेच्या अलीकडे एका गावात एसटी चहासाठी थांबली. आम्हीही थांबलो आणि थांबताक्षणी आमच्या गाडीने पुढून वाफ सोडली. इंजिनाचा काटा कधीच वर चढला होता. तो आमच्या दोघांच्याही लक्षात आला नव्हता, डोळ्यांत घाम जात होता ना! सगळी एसटी खाली उतरलेली. बाया, बापये, चहावाला, सगळे गाडीभोवती. अण्णांनी इतके महिने ज्याला जपलं ते असं भर रस्त्यात मांडलं गेलं.

"गॅस गेला असंल," एक म्हातारा म्हणाला.

"गॅसच हाय," दुसऱ्याने मान डोलावली.

एसटीच्या ड्रायव्हरने काही न विचारता बॉनेट पुरं उघडलं, काठी लावली. वाफ ओसरू दिली. मग पुढे वाकून पाहिलं आणि तो ओरडला, "ओ मालक, ह्यात गादी कुनी भरली?"

अण्णा पुढे झाले. मीही वाकलो. रेडिएटरच्या पुढे एसीची जाळी असते, तिच्यातून हवा गेली तर एसी गार होतो. त्या जाळीवर बोटभर जाड गादीच बसली होती. कापसाची. पंख्याने रोज फेकलेला कापूस, त्यावर रोज सकाळी गाडी धुतलेलं पाणी, आणि परत कापूस. हवा जायला सुईएवढी फट नाही.

अण्णांनी कडेला नख घातलं आणि ओढलं. घोंगडीसारखा एक तुकडा निघून हातात आला. ते तो उजेडात धरून बघत राहिले. त्यात थर होते, वेगवेगळ्या रंगांचे.

"हे गुलाबी बघा मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले. "लॉजवाल्याची आर्डर, दिवाळीच्या आधीची. हे हिरवं दवाखान्याचं. हे पिवळं लग्नातल्या आहेराचं, त्यांनी अर्धा माल परत पाठवला होता." सगळ्यात वरचा थर पांढरा होता आणि पातळ. "आन् हे यंदाचं. बघा की, किती कमी हाय."

अण्णा रस्त्याकडेच्या दगडावर बसले. "मोटरीचं नाक बुजवू नका म्हणून मी रोज वरडतोय, मास्तर. आन् हिचं नाक मीच बुजवलं. मायेनं बुजवलं." आणि मग त्यांना हसू फुटलं. पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खांद्यावरच्या टॉवेलने पुसलं. टॉवेलने तेही पाणी प्यायलं.

तोवर अक्का गर्दीतून पुढे आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून फणी काढली आणि नातीची वेणी घालावी तशी ती जाळी वरून खाली विंचरायला घेतली. मऊ हाताने, जाळीची एकही पाती वाकू न देता. निघालेला कापूस बाजूला ठेवत होत्या. चहावाल्याने बादलीभर पाणी दिलं. इंजिन निवल्यावर त्यात पाणी भरलं, गाडी चालू केली, एसी लावला. थोडा वेळ कोमट. मग एकदम गार. गार म्हणजे कसं, माझ्या चष्म्याला दव आलं! अण्णांनी चारही दारं उघडून एसटीतल्या माणसांना एकेक करून आत हात घालायला लावला. म्हाताऱ्यानेही घातला. "गॅस आला म्हनायचा," तो म्हणाला.

अक्कांनी एसटीतून डब्याची पिशवीही काढून आणली आणि पुढे बसल्या. मी मागे, स्वेटरशेजारी. इतक्या दिवसांनी त्या गाडीत अक्का बसलेल्या पाहून मला खरंच बरं वाटलं. अण्णांचं तर काय विचारता! आरशात दिसत होते, नुसते फुलले होते.

भीमेचा पूल आला. नदीत पाणी बेताचंच, पण वाळूवरून वारा सुटला होता, पुलाच्या कठड्यावर कुणाचं तरी धोतर वाळत फडफडत होतं. अक्का म्हणाल्या, "अहो, काच खाली करा की."

"अगं! आत्ता कुटं गार झालंय!"

"झालं की. बघितलं. लई गार हाय. आता नदीचं वारं घेऊ द्या."

अण्णांनी समोर पाहिलं. पुलावर पलीकडून एक गाडी येत होती, सोलापूरच्या नंबरची. "कोन ओळखीचं असलं तर? म्हणतील, एसी बिघडला."

"बिघडलेला न्हाय ना?"

"ते आपल्याला माहीत. त्यांना कुटं माहीत?"

अक्कांनी पिशवी उघडली. नातवासाठी आणलेली चादर काढली, अंगभर लपेटून घेतली आणि काचेला डोकं टेकून नदी बघत राहिल्या. मला त्या वेळी अण्णांचा इतका राग आला की उतरून एसटीत बसावंसं वाटलं. एसी बिघडलेला असताना काच बंद, कारण तो बिघडलाय हे कळेल. एसी चालू असताना काच बंद, कारण तो बिघडलाय असं वाटेल. मग या बाईच्या वाट्याला वारा यायचा तरी कधी?

त्यानंतर अण्णांनी कारखान्यात गाडीचं तोंड फिरवून ठेवलं, पंख्याकडे पाठ. एसी कायम गार राहिला. मी आता खरा कुडकुडायचो, पण सिग्नलला कोपर मारायची अण्णांची सवय गेली नाही. अक्का गाडीत बसायच्या. काचेचं नाव मात्र त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही.

सुताचे भाव चढत गेले, ऑर्डरी आटत गेल्या. काच बंद होती, एसी चालू होता, स्वेटर जागेवर होता, तरी माग एकेक करून थांबले. शेवटी एका उन्हाळ्यात ते भंगारवाल्याच्या ट्रकमध्ये चढले. अण्णा त्या दिवशीही ब्रश घेऊन गेले होते. झाडूनपुसून दिले सगळे. मग लेक आली आणि म्हणाली, आता दोघं विजापूरलाच चला.

निघायच्या सकाळी पेठ दारात जमली होती. डिकीत भांडी, मागच्या सीटवर गाद्या. अक्का पुढे बसल्या. अण्णांनी तो स्वेटर माझ्या हातात ठेवला. "ठेवा मास्तर. नवाच हाय, कधी घातला न्हाय." मी तो काखेत धरला.

गाडी चालू झाली. एसीचा गारवा उघड्या दारातून माझ्या पायांवर आला. दार लागलं. आणि मग चारही काचा एकदम खाली आल्या.

अक्का दचकल्या. "अहो! एसी?"

"चालू हाय."

"मग काच?"

"राहू दे खाली," अण्णा समोर बघत म्हणाले. "आता कुनाला सूत मागायचंय?"

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर काढला आणि काचेच्या जागी कोपर टेकवून नीट बसल्या. गाडी पेठेतून हळूहळू निघाली. त्यांचा पदर पहिल्याच वळणाला उडायला लागला. कोपऱ्यावर सूतवाले शेठजी दुकानाच्या फळ्या काढत उभे होते. गाडी त्यांच्यापुढे थांबली. आम्ही सगळे बघत होतो. अण्णांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि भवानी पेठेच्या या टोकापर्यंत ऐकू येईल असे ओरडले, "शेठजी, एसी चालू हाय बरं का! हात घालून बघा की!"